बाळाला घेऊन मोकळ्यावर: पहिल्या वीस मिनिटांपासून दिवसभराच्या सहलीपर्यंत

मूल होण्यापूर्वी आम्ही दोघांनी डोंगर आणि जंगलवाटा पुष्कळ तुडवल्या होत्या, त्यामुळे मुलगी चार महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन बाहेर पडताना आम्हांला फारशी धास्ती वाटली नाही. नेहमीच्या पिशवीत डायपर आणि दोन दुपटी टाकून आम्ही एका टेकडीची वाट धरली. वर पोहोचेपर्यंत तिला छातीशी घेऊन चालणारी मी घामाने भिजले होते, पण तिची पावले हाताला गार लागत होती. कॅरिअरमध्ये बसवल्यावर तिची पँट पोटरीपर्यंत वर सरकली होती आणि उघड्या पायांना सगळा वेळ वारा लागत होता, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. उतरताना तिला भूक लागली, पाजायला कुठे आडोसा सापडेना, आणि शेवटचा पाऊण तास ती रडतच होती.

तिला काही अपाय झाला नाही, पण आमची चूक कुठे झाली ते त्या दिवशी कळले. सहल किती लांबची, हे आम्ही आमच्या पायांच्या हिशेबाने ठरवले होते. बाळाबरोबरची सहल अंतरावर मोजायची नसते. ती बाळाच्या दोन दूधवेळांच्या आणि दोन झोपांच्या मधल्या वेळावर मोजायची असते. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, जन्मतः वजन कमी असेल किंवा श्वासाचा अथवा हृदयाचा त्रास असेल, तर पहिल्या टप्प्याच्याही आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या.

१. बाळाच्या वयाप्रमाणे सहलीची मर्यादा ठरवा

नवजात बाळाला घराबाहेरची हवा वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ती गर्दी, कडक ऊन आणि बोचरा वारा. पहिल्या दोन महिन्यांत साधा संसर्गही बाळाला जड जाऊ शकतो, म्हणून या काळात माणसांची वर्दळ कमी असलेल्या जागी वीस ते तीस मिनिटांचा फेरफटका पुरेसा आहे. बाळ हाताळायला मागणाऱ्या ओळखीच्या लोकांना नम्रपणे आणि निःसंकोच नाही म्हणा.

दोन ते सहा महिन्यांच्या बाळाबरोबर हळूहळू दोन तासांपर्यंत जाता येते. बाळ आधाराशिवाय नीट बसू लागले, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर, अर्ध्या दिवसाची सहल जमते. रांगायला लागलेल्या बाळाबरोबर अडचणीचे स्वरूपच बदलते. आधी त्याला उचलून नेणे हे काम असते, आता त्याला खाली सोडता येईल अशी सुरक्षित जागा शोधणे हे काम होते.

लांबीची घाई करू नका. एका मर्यादेच्या तीन-चार सहली सुरळीत पार पडल्या की मगच वेळ वाढवा.

२. जागा आणि वेळ निवडा

पहिल्या काही सहलींसाठी तुम्ही स्वतः आधी जाऊन आलेली जागाच निवडा. सावली कुठे आहे, बसून पाजता येईल असा आडोसा कुठे आहे आणि वाहनापर्यंत परत यायला किती वेळ लागतो, या तीन प्रश्नांची उत्तरे निघण्यापूर्वी तुमच्याजवळ हवीत. गोल फेरी मारणाऱ्या वाटेपेक्षा त्याच वाटेने परतता येईल अशी वाट बरी, कारण तिच्यावर कोणत्याही क्षणी मागे फिरता येते.

सकाळी दहा ते दुपारी चार हा उन्हाचा सर्वांत तीव्र काळ टाळा. ढगाळ हवेवर विसंबू नका, कारण अतिनील किरणांचा मोठा भाग पातळ ढगांतून खाली येतो. उंची दर हजार मीटरने वाढली की ही किरणे सुमारे दहा टक्क्यांनी प्रखर होतात, आणि ताजा बर्फ त्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, त्यामुळे बर्फात टोपीच्या सावलीतल्या चेहऱ्यालाही खालून ऊन लागते.

उंच ठिकाणी जाणार असाल तर आणखी एक विचार करा. सुमारे २५०० मीटरच्या वर मोठ्या माणसांनाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. मोठा माणूस डोके दुखते म्हणून सांगतो. बाळ फक्त चिडचिडते, दूध घेत नाही आणि झोपत नाही, आणि हीच लक्षणे इतर दहा कारणांनीही दिसतात. म्हणून लहान बाळाला घेऊन एवढ्या उंचीवर मुक्काम करण्याचा बेत डॉक्टरांना विचारल्याशिवाय आखू नका. घाटातून वाहन चढत-उतरत असताना बाळाला पाजा किंवा चोखणी द्या, कारण गिळण्याच्या क्रियेने कानातला दाब मोकळा होतो. अर्थात, अंगावर पाजायचे असेल तर वाहन थांबवूनच पाजा; चालत्या वाहनात बाळाला सीटमधून बाहेर काढू नका.

३. बाळाला न्यायचे साधन निवडा आणि घरी त्याचा सराव करा

पैसे आणि विचार सर्वांत जास्त खर्च करावा असा हा टप्पा आहे. साधने मुख्यतः तीन आहेत.

छातीशी बांधायचे मऊ कॅरिअर किंवा कापडी झोळी लहान बाळासाठी सर्वांत सोयीची असते. मात्र मान न धरलेल्या बाळाची हनुवटी छातीवर टेकली की त्याची श्वासनलिका दबू शकते, आणि हे अगदी निःशब्दपणे घडते. चार महिन्यांखालील बाळांना हा धोका विशेष असतो. बांधून झाल्यावर पाच गोष्टी तपासा:

- कापड घट्ट असावे, बाळ आत घसरून गोळा होता कामा नये.
- मान किंचित खाली केली की बाळाचा पूर्ण चेहरा तुम्हांला दिसावा.
- बाळाच्या डोक्याचा मुका घेता येईल इतके ते उंचावर असावे.
- हनुवटी आणि छाती यांच्यात तुमची दोन बोटे बसावीत.
- पाठीला आधार असावा आणि गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे उंच, मांड्या फाकलेल्या असाव्यात, म्हणजे खुब्याचे सांधे योग्य स्थितीत राहतात.

चालताना दर काही मिनिटांनी ही तपासणी पुन्हा करा, विशेषतः बाळ झोपल्यावर, कारण झोपेत मान ढिली पडते. काही उचलायचे असेल तेव्हा कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकून खाली बसा.

पाठीवरची चौकटीची पिशवी आधाराशिवाय बसू लागलेल्या बाळासाठीच असते. उत्पादकाने दिलेली किमान आणि कमाल वजनाची मर्यादा नीट वाचा; कमाल मर्यादेत अनेकदा बाळाबरोबर सामानाचे आणि पिशवीचेही वजन धरलेले असते. या साधनात बाळाचे डोके तुमच्या डोक्याच्या मागे आणि बहुधा थोडे वर असते. आडव्या फांदीखालून जाताना तुम्ही सवयीने मान झुकवता आणि सहज निघून जाता, पण फांदी बाळाच्या कपाळावर येते. म्हणून अशा जागी गुडघे पूर्ण वाकवून, धड सरळ ठेवून खाली बसल्यासारखे पुढे सरका, आणि मागून चालणाऱ्या जोडीदाराला बाळाच्या डोक्यावर लक्ष ठेवायला सांगा. आम्ही पट्ट्याला एक छोटा आरसा बांधला आहे. झोपलेल्या बाळाचा चेहरा पाहायला त्याचा फार उपयोग होतो. पिशवीला स्वतःचा पाय असला तरी तिच्यात बाळ असताना ती जमिनीवर टेकवून हात सोडू नका.

बाबागाडी सपाट वाटेवर उत्तम असते. तिच्या बाबतीत दोन चुका मला वारंवार दिसतात. पहिली म्हणजे ऊन लागू नये म्हणून गाडीवर दुपटे पांघरणे. दुपटे पातळ असले तरी आतली हवा कोंडते, गाडीच्या आतले तापमान झपाट्याने चढते आणि बाळही दिसेनासे होते. छत्री किंवा हवा खेळती ठेवणारे छत वापरा. दुसरी चूक म्हणजे दांडीला जड पिशव्या अडकवणे. बाळाला उचलताच गाडी मागे कलंडते, आणि काही वेळा बाळासकट कलंडते.

कोणतेही साधन घेतले तरी घरात किमान चार-पाच वेळा, बाळाचे पोट भरलेले असताना, वापरून पाहा. बक्कल लावण्याची सवय घरीच झालेली असावी.

४. कपड्यांचा हिशेब

बाळाला उचलून नेताना एक गोष्ट सतत मनात असू द्या: तुम्ही चालत आहात, बाळ बसलेले आहे. तुमच्या स्नायूंना मिळणारी ऊब त्याला मिळत नाही, त्यामुळे तुमच्या गरम-थंडाच्या जाणिवेवरून बाळाची अवस्था ठरवता येत नाही.

थंडीत बाळाला तुमच्यापेक्षा एक थर जास्त घालावा, हा सर्वसाधारण नियम आहे. पण छातीशी बांधलेल्या बाळाला तुमच्या शरीराची ऊब मिळते आणि कॅरिअरचे कापडही एक थर ठरते, म्हणून तेव्हा धडावर जास्त कपडे नकोत. काळजी घ्यायची ती बाहेर राहिलेल्या पायांची, हातांची आणि डोक्याची. पाठीवरच्या पिशवीत मात्र ही ऊब नसते आणि वारा चारी बाजूंनी लागतो, म्हणून तिथे पूर्ण थर हवेत. पायांसाठी गुडघ्यापर्यंतचे लांब मोजे किंवा पावलासकट असलेली पँट वापरा, म्हणजे आमच्या मुलीचे झाले तसे पाय उघडे पडत नाहीत.

तपासायचे कुठे, हेही महत्त्वाचे आहे. बाळाचे हात-पाय एरवीही थोडे गार असतात. मानेच्या मागे, कपड्यांच्या आत दोन बोटे घाला. ती जागा कोमट आणि कोरडी असेल तर सगळे ठीक आहे. घाम लागला तर एक थर काढा. गार लागली तर आडोशाला थांबून बाळाला अंगाशी घ्या आणि वर कपडे घाला. बोटे आधी चोळून गरम करून घ्या, नाहीतर तुमच्याच गार हातांमुळे अंदाज चुकतो.

प्रवासात गाडीच्या सीटवर बांधताना जाड, फुगीर जाकीट काढून ठेवा. त्याच्यामुळे पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसताच जाकीट दबते आणि पट्टा सैल पडतो. आधी बाळाला पट्ट्यात नीट बांधा आणि मग वरून पांघरूण घाला.

५. ऊन आणि किडे

सहा महिन्यांखालील बाळाला थेट उन्हात नेऊ नये. या वयात सनस्क्रीनवर भर न देता सावली, रुंद काठाची टोपी आणि हातपाय झाकणारे सैल, हलके कपडे यांवर भर द्यावा. सहा महिन्यांनंतर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन बाहेर पडण्याच्या पंधरा ते तीस मिनिटे आधी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. नवीन सनस्क्रीन सहलीच्या दिवशी पहिल्यांदा लावू नका. दोन दिवस आधी हाताच्या छोट्या भागावर लावून पुरळ येते का ते पाहा.

डासांसाठी बाबागाडीवर किंवा कॅरिअरवर बसणारी जाळी हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. दोन महिन्यांखालील बाळाला कोणतेही कीटकरोधक लावू नये. लेमन युकॅलिप्टसचे तेल असलेली औषधे नैसर्गिक वाटली तरी तीन वर्षांखालील मुलांसाठी ती चालत नाहीत. मोठ्या बाळाला कोणते कीटकरोधक किती प्रमाणात चालेल, हे डॉक्टरांना विचारा, आणि ते हातांवर किंवा डोळ्यांच्या व तोंडाच्या आसपास कधीही लावू नका. एक गोष्ट सहज सुटते: छातीशी असलेले बाळ तुमच्या गळ्याला तोंड लावते आणि कॅरिअरचे पट्टे चोखते. म्हणून ज्याच्या अंगावर बाळ असेल त्याने स्वतःच्या मानेवर आणि छातीवर कीटकरोधक लावू नये.

६. दूध, पाणी आणि खाणे

अंगावर पाजणाऱ्या आईला सामान कमी लागते, पण तिचे स्वतःचे पाणी आणि खाणे विसरून चालत नाही. चढावर चालणे आणि पाजणे या दोन्हींनी तिला भरपूर तहान लागते. बाळाला सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही वेगळे पाणी देऊ नये. तहान भागवण्यासाठी त्याला अधिक वेळा पाजावे.

काढून ठेवलेले आईचे दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चार तास टिकते. बर्फाच्या पिशव्यांसह थंड पेटीत ते चोवीस तासांपर्यंत ठेवता येते.

पावडरचे दूध देत असाल तर ते घरून तयार करून नेण्यापेक्षा मोजलेली पावडर कोरड्या डब्यात आणि उकळलेले पाणी चांगल्या थर्मासमध्ये न्या. पावडर मिसळताना पाणी किमान ७० अंश सेल्सिअस असावे, कारण पावडर निर्जंतुक नसते आणि तिच्यातले जंतू मारण्यासाठी तेवढी उष्णता लागते. मग बाटली थंड पाण्यात धरून निववा आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहा. थर्मास उघडण्यापूर्वी बाळाला जोडीदाराकडे द्या. कॅरिअरमध्ये बाळ असताना उकळते पाणी ओतू नका. तयार दूध दोन तासांत वापरा आणि बाळाने प्यायला सुरुवात केल्यावर तासाभराने उरलेले टाकून द्या.

वरचे खाणे सुरू झालेल्या बाळासाठी घरी आधी खाऊन पचलेलेच पदार्थ न्या. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. चालताना कॅरिअरमध्ये काही खायला देऊ नका. थांबा, बाळाला सरळ बसवा आणि समोर बसून भरवा, म्हणजे घास अडकला तर लगेच कळेल.

७. पिशवी भरा

पिशवीत वस्तू किती आहेत यापेक्षा त्या चटकन हाताशी येतात का, हे पाहा. डायपर बदलण्याचे सगळे सामान एका वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा आणि ती सर्वांत वर ठेवा.

- दर दोन तासांना एक याप्रमाणे डायपर आणि वर दोन जादा
- ओले पुसणे, अंथरायचे जलरोधक कापड, रॅशचे मलम
- घट्ट बंद होणाऱ्या तीन-चार पिशव्या (वापरलेले डायपर पुरू नका, परत आणा)
- बाळाचे कपड्यांचे पूर्ण दोन संच आणि ज्याच्या अंगावर बाळ असेल त्याच्यासाठी एक सदरा
- टोपी, जादा मोजे, हलके दुपटे, पावसासाठी आवरण
- थर्मामीटर, मलमपट्टी, चिमटा, डॉक्टरांनी सांगितलेले तापाचे औषध आणि बाळाच्या सध्याच्या वजनानुसार त्याची मात्रा लिहिलेला कागद
- लसीकरणाच्या नोंदवहीची प्रत, बालरोगतज्ज्ञांचा दूरध्वनी क्रमांक, मोठ्यांचे ओळखपत्र
- पूर्ण चार्ज केलेला फोन; लांब जाणार असाल तर पॉवर बँक

हे क्रमांक आणि औषधाची मात्रा कागदावरच लिहा, कारण फोन बंद पडण्याची वेळ सांगून येत नाही. निघण्यापूर्वी घरी राहिलेल्या कोणाला तरी वाट आणि परतण्याची वेळ सांगून ठेवा.

८. तिथपर्यंतचा प्रवास

बाळाला गाडीत मागच्या सीटवर, मागे तोंड केलेल्या बाळाच्या सीटमध्येच बसवा. साधारण दर दोन तासांनी थांबून त्याला बाहेर काढा आणि पाठीवर सपाट निजवा, कारण अर्धवट बसलेल्या स्थितीत लहान बाळाची मान पुढे पडते. पोहोचल्यावर झोपलेल्या बाळाला त्याच सीटमध्ये झोपू देण्याचा मोह होतो, तो टाळा.

उभ्या गाडीत बाळाला एक मिनिटही एकटे सोडू नका. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. पहिल्या दहा मिनिटांतच आतले तापमान दहा अंश सेल्सिअसने चढू शकते, आणि बाळाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते.

९. चालताना: मागे फिरण्याची वेळ आधीच ठरवा

बाळ आनंदात असेल असे एकूण तीन तास धरले, तर जाण्यासाठी एकच तास वापरा. एक तास थांबण्याचा आणि एक परतीचा. ठरलेल्या मिनिटाला तुम्ही कुठेही असा, मागे फिरा. समोर शिखर दिसत असले आणि बाळ हसत असले तरीही फिरा, कारण परतीच्या वाटेवर त्याच्या हसण्याची खात्री नसते. ही वेळ दोघांनी घरी ठरवावी आणि वाटेत त्यावर चर्चा करू नये. आमच्यात एक बोली आहे: दोघांपैकी एकाने जरी “फिरू या” म्हटले, तरी दुसऱ्याने कारण विचारायचे नाही.

दर पाऊण तासाने थांबून बाळाला कॅरिअरमधून बाहेर काढा, हातपाय मोकळे करू द्या, डायपर पाहा, पाजा. थंड हवेत डायपर बदलताना वरचे कपडे तसेच ठेवून फक्त कमरेखालचे उघडे करा आणि जोडीदाराला वाऱ्याच्या बाजूने पाठ करून उभे राहायला सांगा. खाली सोडायचे असेल तर आधी तुम्ही गुडघ्यांवर बसून ती जागा बाळाच्या नजरेच्या उंचीवरून पाहा: खडे, बिया, फळे, काचेचे तुकडे, मुंग्यांची रांग. उभ्याने हे दिसत नाही. पाण्याजवळ असाल तर बाळ सतत हाताच्या अंतरावर असू द्या. काही सेंटिमीटर खोल पाण्यातही लहान मूल बुडू शकते.

१०. ही लक्षणे दिसली तर थांबा

रडणाऱ्या बाळाची काळजी सगळेच करतात. उघड्यावर अधिक भीती वाटावी ती अचानक गप्प झालेल्या बाळाची. थंडी बाधलेले बाळ बरेचदा रडत नाही. ते मलूल होते, हाताला ढिले लागते, पोट आणि छातीही गार पडते, आणि कातडी लालबुंद दिसू शकते. बाजूने चालणाऱ्याला वाटते की बाळ छान झोपले आहे. म्हणून बाळाच्या झोपेची वेळ नसताना ते झोपले, तर मानेखाली हात घालून पाहा आणि त्याला जागे करून पाजून पाहा. ते जागे होत नसेल किंवा चोखत नसेल, तर त्याला उबेत घ्या आणि तातडीने वैद्यकीय मदत मिळवा.

उन्हाचा त्रास झालेले बाळ चिडचिडते, अंग तापते, चेहरा लाल होतो आणि श्वास जलद चालतो. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओल्या कापडाने पुसा आणि पाजा. शरीरातले पाणी कमी झाल्याच्या खुणा म्हणजे तोंड कोरडे पडणे, रडताना अश्रू न येणे, टाळू खोल जाणे आणि बराच वेळ डायपर कोरडा राहणे. टाळू खोल गेलेली दिसली किंवा बाळ सुस्तावले, तर डॉक्टरांकडे जा.

तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर इतर काहीही लक्षण नसले तरी त्याच वेळी डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

११. घरी परतल्यावर

बाळाचे सगळे कपडे उतरवून उजेडात अंग नीट पाहा. कानांच्या मागे, मानेच्या वळ्यांत, काखेत, जांघेत आणि गुडघ्यांच्या मागे गोचीड चिकटलेली असू शकते. ती दिसली तर चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. तेल लावू नका, चटका देऊ नका. जागा साबणाने धुवा, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाली पसरली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. कॅरिअरचे पट्टे जिथे टेकतात त्या मांड्यांच्या आतल्या बाजूला वळ उठले असतील, तर पुढच्या वेळी बांधणी बदलावी लागेल.

मग पिशवी त्याच संध्याकाळी पुन्हा भरून ठेवा: संपलेले डायपर, धुतलेले कपडे, थर्मास उघडा करून वाळत. आतल्या कप्प्यात आम्ही एक लहान वही ठेवतो आणि तिच्यात प्रत्येक सहलीच्या तीनच नोंदी करतो: किती वाजता निघालो, बाळ पहिल्यांदा किती वाजता कुरकुरले, आणि कोणती वस्तू कमी पडली. पुढच्या सहलीची परतीची वेळ आम्ही त्यातल्या दुसऱ्या नोंदीवरून ठरवतो.